स्वतःचं पुस्तक स्वतः काढताय? घाईच्या या चुका टाळा

शेवटचं वाक्य लिहून झालं की पुढचे पंधरा दिवस लेखकाच्या हाती फाइल देऊच नये, असं माझं मत आहे. त्या दिवसांत डोक्यात एकच असतं, येऊ दे एकदाचं बाहेर. आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्याला 'थांब जरा' म्हणणारं कुणी नसतं.

माझीच गंमत सांगतो. मुखपृष्ठ तयार झालं, मित्रांना पाठवून कौतुकही झालं. मग वाटलं, छोटंसं मनोगत हवं. ते आठ पानांचं झालं. छपाईवाल्यानं सुचवलं म्हणून कागदही जरा जाड घेतला. कण्याचं, म्हणजे पुस्तकाच्या बांधणीकडच्या उभ्या पट्टीचं, माप मात्र जुनंच राहिलं. प्रती आल्या तेव्हा कण्यावरचं नाव मध्यावरून सरकून कडेवर दुमडलेलं. हिशेब काही अवघड नव्हता. २०० पानं म्हणजे १०० कागद. कागदाची जाडी ०.१ मिमी असेल तर कणा १० मिमी, ०.१३ मिमी असेल तर १३ मिमी. म्हणून पानांची संख्या आणि कागद पक्का झाल्याशिवाय मुखपृष्ठाची अंतिम फाइल करू नका. जाता जाता फॉर्म्याचंही बघा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याचं. १६ पानांच्या फॉर्म्यात १६४ पानं बसवली तर दहा फॉर्मे होऊन चार पानं उरतात, आणि त्या चारांसाठी वेगळा खर्च होतो. चार पानं कापणं बहुतेक वेळा पुस्तकाच्याही हिताचं असतं.

दुसरी चूक म्हणजे मुद्रितशोधनालाच संपादन समजणं. संपादक विचारतो, तिसऱ्या प्रकरणातली काकू नवव्यात मामी कशी झाली? मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ बघतो. आधी संपादन, मग मांडणी, मग मुद्रितशोधन. हा क्रम उलटला की मांडणी झालेल्या पानांत परिच्छेद घुसवत बसावं लागतं आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठांक चुकतात. शब्दतपासणीच्या सोयीवर फार विसंबू नका. 'दिन' आणि 'दीन' दोन्ही बरोबर शब्द आहेत, ती काय पकडणार? आपले डोळेही आपल्याला फसवतात, कारण ते लिहिलेलं नाही, मनातलं वाचतात. कागदावर काढा, मोठ्यानं वाचा. शेवटच्या प्रकरणापासून उलटं वाचलं तर आणखी सापडतं.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार आणि 'ऱ्य' यांच्यावर वेगळी नजर हवी. 'आचार्यांना बोलावलं' आणि 'आचाऱ्यांना बोलावलं' यांत समारंभच बदलतो!

ई-पुस्तकासाठी छपाईचीच पीडीएफ चढवणं हीही नेहमीची चूक. पीडीएफचं पान जागच्या जागी गोठलेलं असतं. फोनवर अक्षर मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइलप्रकारात मजकूर पडद्याप्रमाणे वाहतो, तीच फाइल करा. छपाईसाठी चित्रं ३०० डीपीआयची (एका इंचात ३०० ठिपके) घ्या आणि कडेपर्यंत रंग जाणार असेल तर चहूबाजूंनी कडेबाहेर सहसा ३ मिमी रंग जादा ठेवा.

आता पैशांचं. 'पॅकेज' घेताना करार वाचा, कंटाळा आला तरी वाचा. लेखकाकडूनच पैसे घ्यायचे आणि वर अनुवाद, ऑडिओ, चित्रपट असे सगळे हक्कही लिहून घ्यायचे, असं कलम दिसलं तर सही करू नका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, कुणाच्या नावावर आहे तेही विचारा, कारण नोंदीत प्रकाशक म्हणून तेच नाव लागतं. २००७ पासून हा क्रमांक १३ अंकी आहे. छापील प्रत आणि ईपब यांना तो वेगवेगळा लागतो, मात्र तेच पुस्तक जसंच्या तसं पुन्हा छापलं तर नवा लागत नाही.

पहिल्याच फटक्यात हजार प्रती छापायचा मोह होतो, कारण जास्त छापलं की एका प्रतीचा खर्च उतरतो. पण न खपलेली प्रत स्वस्त नसते, ती पलंगाखाली असते. मागणीनुसार छपाईत एक-एक प्रत महाग पडते, तरी पहिल्या पुस्तकाला मला तीच बरी वाटते. चूक सापडली की सुधारलेली फाइल चढवायची, पुढची प्रत नीट येते.

घरच्यांकडून पाच-पाच तारे मात्र मागू नका. ॲमेझॉनवर नातेवाईक आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय नियमात बसत नाहीत, ते काढले जाऊ शकतात.

आणि एवढं करूनही चूक राहणारच. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं, म्हणून कुणी ती पुस्तकं वाचायचं थांबलं नाही. छापलेल्या प्रतीत पहिली चूक दिसते त्या दिवशी पोटात खड्डा पडतो, मलाही पडला होता. तेव्हा पुस्तक लपवू नका, 'सुधारणा' नावाची एक फाइल उघडा आणि पृष्ठांक टाकून चूक लिहून ठेवा. माझ्या त्या फाइलमध्ये आता बावीस नोंदी आहेत. पहिली एका शब्दाची आहे: कणा.