सहाण फळीवरच राहू दे: तान्ह्या बाळाचं पाजणं आणि पहिला घास

माझ्या सासूबाईंची सहाण डिचोलीच्या घरात देवघराच्या फळीवर आहे. मधे चांगली खळी पडलेली. तिच्यावर बाळगुटी उगाळून चार पोरं वाढली, त्यांतली दोन माझी. पुढे मी अंगणवाडीत नोकरी केली, त्यामुळे गुटी आणि वजनकाटा हे दोन्ही मी हाताळले आहेत. गेल्या श्रावणात सून बाळंत झाली तेव्हा घरात एकच नियम केला: आजीचं औषध बाळंतिणीच्या पोटात जाईल, बाळाच्या नाही.

आमच्या वेळी वैजीण, म्हणजे सुईण, पहिलं पिवळट दूध पिळून टाकायला लावायची. जड असतं म्हणे. माझ्या थोरल्याचा चीक तसाच गेला आणि त्याच्या जिभेवर मधाचं बोट टेकलं. आज हे दोन्ही ऐकून अंगावर काटा येतो. चीक म्हणजे बाळाला रोगांपासून राखणारं पहिलं दूध. मधात मात्र असे जंतू असू शकतात की तान्ह्या आतड्यात ते विष तयार करतात. वर्ष भरेपर्यंत मध नको, चाटणापुरताही नको.

जन्मल्यावर तासाभरात बाळ अंगाशी घ्यावं. नुसतं बोंड तोंडात देऊ नये, भोवतीचा काळसर भागही बराचसा आत जायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी. दुखत राहिलं तर ओढून काढू नका. करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. सुनेला हे जमायला चार दिवस लागले, त्यांतले दोन ती रडत होती. दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजणं होतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून 6 तरी लंगोट ओले होत असले आणि वजन वाढत असलं की दूध पुरतंय. संध्याकाळी बाळ रडतं म्हणून पावडरच्या डब्याकडे धावू नका.

धाकटा माझा मे महिन्यातला. घामाच्या धारा, आणि जो तो म्हणायचा, पोराला घोटभर पाणी दे गे. पण आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं. 6 महिने वेगळं पाणी लागत नाही, उन्हाळ्यातही नाही. फक्त पाजायच्या वेळा वाढतात.

आता बाळंतिणीचं. चमचाभर मेथी रात्री भिजवायची, सकाळी अर्धी वाटी उकड्या तांदळाबरोबर मऊ शिजवायची, उतरवताना नारळाचा रस आणि गूळ घालायचा. आळीव शहाळ्याच्या पाण्यात फुगवून खोबरं-गुळात लाडू वळायचे. यानं दूध वाढतं असं मी ठासून सांगणार नाही. दूध वाढतं ते बाळ ओढतं तेव्हा, रात्रीचं तर जास्तच. पण बाई पोटभर जेवते आणि चार माणसं तिची विचारपूस करतात, हे काय थोडं झालं?

गुटीविषयी विचारणारच तुम्ही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, अतिविष, जायफळ एकत्र बांधून मिळायचं. मुरुडशेंग पिळाची, म्हणून पोटाच्या मुरड्यावर, असा हिशेब! मोजमाप सहाणेवर उगाळायच्या वेढ्यांचं: एक वेढा, दोन वेढे. पण जायफळाचे वेढे जास्त झाले की बाळ गुंगून पडतं, पीत नाही, आणि घरची माणसं म्हणतात, बघा कसं शांत झोपलं. वेखंड जास्त गेलं तर उलट्या. अतिविष आणि विषारी बचनाग एकाच कुळातले, पुडीत नेमकं काय आलंय ते आपल्याला कसं कळणार? म्हणून सहाण फळीवर. पोट फुगलं तर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी, पाय सायकलसारखे हलवावे, हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावावा, तोही बाहेरूनच. काजळ मात्र डोळ्यांत नकोच.

3 महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सियस किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, टाळू खोल जाणं, पिणंच सोडणं, यांतलं काही दिसलं तर घरी काही उगाळत बसू नका. थेट इस्पितळात, नाहीतर 108 ला फोन.

नातवाचं उष्टावण माघात झालं. शेजारच्या काकी पेजेची निवळ घेऊन आल्या. मी पेला प्रेमानं घेतला आणि सुनेला दिला. निवळीनं बाळाचं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. सहाव्या महिन्यानंतर जन्मासोबत आणलेलं लोह सरत येतं, म्हणून घास घट्ट हवा, चमचा तिरका केला तरी पटकन न सांडणारा. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावे, सावलीत सुकवून किंचित भाजून दळावी. सत्त्व गाळण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कोंड्याबरोबर बरंच काही चाळणीत जातं. दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवावं, नाहीतर गुठळ्या होतात; मग मंद आचेवर ढवळत शिजवावं, वर अर्धा चमचा तूप. मीठ, गूळ, साखर वर्षभर नाही. आमचं तिजान, म्हणजे नाचणीची गूळ घातलेली पेज, त्यानंतर.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा, पाजणं चालूच. मग मऊ वरण-भात, कुस्करलेलं रसबाळी केळं, पूर्ण शिजलेलं अंडं. आणि ताजी मुडदुशी मासळी मिळाली तर वाफवून, काटा बोटांनी दोनदा चाचपून, भातात कालवून. चष्मा लावून बसा, बारीक काटे दिसत नाहीत.