मुलांचा जबडा मागे-पुढे असेल तर काढ-घाल करायचं अप्लायन्स कसं निवडायचं

डॉक्टर म्हणाले की अप्लायन्स (जबडा आणि दात जागेवर आणायचं साधन) लावावं लागेल, की आईबाप लगेच विचारतात कुठलं चांगलं. माझं म्हणणं, आधी हे विचारा की रोज किती तास घालायचंय आणि आपलं पोर तेवढे तास खरंच घालेल का, कारण ही सगळी साधनं काढता येतात आणि डबीत पडून राहिलेलं अप्लायन्स काहीच काम करत नाही.

पहिलं काम म्हणजे नेमकं काय बिघडलंय ते समजून घ्या. वरचे दात पुढे दिसले की वाटतं वरचा जबडा पुढे आलाय, पण बऱ्याचदा खालचा मागे राहिलेला असतो, याला क्लास टू म्हणतात. खालचा पुढे किंवा वरचा मागे असला तर क्लास थ्री, आणि त्याची ट्रीटमेंट पूर्ण वेगळी असते. चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढतात त्यावरून प्रॉब्लेम हाडाचा आहे की नुसता दातांचा ते कळतं, हे स्पष्ट विचारून घ्या. वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा 2 ते 4 मिमी पुढे असणं नॉर्मल धरतात, 6 च्या वर गेलं की पडल्या-झडल्यावर दात तुटायची भीती वाढते.

मग बघा वेळ कुठली आहे. खालचा जबडा मागे असेल तर उंची झपाट्याने वाढते तोच काळ धरायचा, मुलींमध्ये साधारण 12 च्या आसपास, मुलांमध्ये 14 च्या, पण प्रत्येकाचं मागेपुढे होतं म्हणून त्याच एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांचा आकार बघून डॉक्टर अंदाज घेतात. क्लास थ्रीला मात्र इतकं थांबू नका, फेसमास्क (चेहऱ्यावर बाहेरून लावायचं साधन) बहुतेक वेळा 10 वर्षांच्या आतच जास्त उपयोगी पडतो.

आता तुलना. क्लास टूसाठी ट्विन ब्लॉक खूप वापरतात, स्कॉटलंडच्या डॉ. विल्यम क्लार्क यांनी 1977 मध्ये आणलेला. वर एक प्लेट, खाली एक, दोन्हीवर उतरते ठोकळे, दात मिटले की ते एकमेकांवर घसरतात आणि खालचा जबडा पुढे येऊनच बसतो. प्लेटा सुट्या असल्यामुळे बोलता येतं, सवय झाली की जेवताही येतं, म्हणूनच तो दिवस-रात्र घालायला सांगतात. अ‍ॅक्टिव्हेटर आणि बायोनेटर एकसंध असतात, वर-खाली मिळून एकच तुकडा, त्यामुळे जेवताना काढावाच लागतो आणि बोलणं अवघड, बरीच मुलं तो घरी आल्यावर आणि रात्रीच घालतात. शाळेत अजिबात घालणार नाही म्हणणाऱ्या मुलाला हा झेपेल असं वाटतं, पण तास कमी भरले तर रिझल्ट पण लांबतो. फेसमास्क बाहेरून कपाळ आणि हनुवटीला टेकतो, रबर लावून वरचा जबडा पुढे ओढतो, रोज 12 ते 14 तास, म्हणजे संध्याकाळ आणि रात्र मिळून जमतं, फक्त तोंडातला भाग बऱ्याचदा चिकटवलेला असतो हे आधी माहीत असू द्या. खालचा जबडा पुढे आणणारे पारदर्शक अलाइनर (दातांवर बसणारे प्लास्टिकचे साचे) पण आलेत, दिसत नाहीत म्हणून मुलांना आवडतात, पण तेही जेवण आणि ब्रशिंग सोडून जवळजवळ पूर्ण दिवस घालावे लागतात.

एक गोष्ट डॉक्टरांकडून आधीच ऐकून घ्या. क्लास टूमध्ये दात आत गेलेले दिसतात त्यातला बराच बदल वरचे दात आत आणि खालचे बाहेर झुकल्यामुळे झालेला असतो, हाडाचा वाटा त्यामानाने कमी. म्हणून खालचे दात आधीच बाहेर झुकलेले असतील तर हे अप्लायन्स चालेल का, नंतर ब्रेसेस लागतील का (बहुतेक लागतात), आणि फरक खूपच जास्त असेल तर वाढ थांबल्यावर ऑपरेशनची वेळ येऊ शकते का, हे तिन्ही विचारा.

लावल्यावर पहिला आठवडाभर लाळ गळते, स चा उच्चार बिघडतो, जबडा दुखतो. घाबरून काढून ठेवू नका, घरी मोठ्याने वाचायला लावा, जीभ लवकर सरावते. धुवायला गरम पाणी नको, प्लास्टिक वाकडं होतं, साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. बाहेर काढलं की डबीतच, टिशूत गुंडाळलेलं कचऱ्यात जातं. फ्रिजवर तासांचा कागद लावा आणि मुलालाच भरू द्या. चार दिवस घातलं नाही आणि मग घट्ट बसायला लागलं तर दाबून बसवू नका, डॉक्टरांना फोन करा.