रिकरन्स कॉम्प्युटरला सोडवायला देताय? या चुका टाळा

आर्वीकडच्या आमच्या गावात बीएस्सीची पोरं संध्याकाळी माझ्याकडे गणित घेऊन बसतात. रिकरन्स, म्हणजे मागच्या पदांवरून पुढचं पद देणारं सूत्र, सोडवायला सिम्पाय नाहीतर मॅक्सिमा असलं गणिताचं सॉफ्टवेअर आता बहुतेकांच्या लॅपटॉपवर असतं. चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळ्यात जास्त छळते ती सुरुवातीच्या पदांची चूक. नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त गाईंचं उदाहरण आहे. गाय दरवर्षी एक कालवड देते, ती कालवड चौथ्या वर्षापासून स्वतः विऊ लागते, तर २० वर्षांनी एकूण किती? न वर्षांनंतरची संख्या ग(न) म्हटली, तर सूत्र सोपं आहे: ग(न) = ग(न−१) + ग(न−३). गेल्या वर्षीची सगळी जनावरं, अधिक तीन वर्षांपूर्वी गोठ्यात असलेल्या प्रत्येकीची एक नवी कालवड. उत्तर २७४५.

एका पोराला मॅक्सिमात १८७३ येत होतं. दोन रात्री त्यानं घालवल्या. लाइन गेली की थांबायचं, आली की पुन्हा तेच. शेवटी सॉफ्टवेअरच चुकतंय असं ठरवून माझ्याकडे आला. सोबत आजोबा होते, जन्मभर गवळाऊ गाई सांभाळलेले. त्यांनी कागदावरची पहिली ओळ वाचली आणि विचारलं, “पह्यलं साल सरलं म्हंजे गाय आन तिची कालवड, दोन झाल्या ना? मंग तुह्या कागदावर एकच काऊन?” पोरानं ग(१)=१, ग(२)=२, ग(३)=३ भरलं होतं. हवं होतं ग(०)=१, ग(१)=२, ग(२)=३. अख्खं एक वर्ष गळालं होतं. सूत्र बरोबर, मुळं (सूत्रात पदाच्या जागी क्ष^न ठेवून मिळणाऱ्या समीकरणाची उत्तरं) बरोबर, आणि गोठ्यात ८७२ जनावरं कमी.

तेव्हापासून माझा नेम आहे: आधी कागदावर वर्ष ० ते ७ चा तक्ता हातानं. १, २, ३, ४, ६, ९, १३, १९. यंत्राच्या उत्तरात न = ० ते ७ घालून ही आठ पदं जुळली नाहीत, तर पुढचं मी बघतच नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि घाईत असलेली पोरं नेमकं हेच टाळतात.

दुसरी चूक पायथॉनची, म्हणजे सिम्पाय ज्या प्रोग्रामिंग भाषेत चालतं तिची. सिम्पायमध्ये ‘१/९ गुणिले मागचं पद’ असं लिहिलं, की सिम्पायपर्यंत पोचायच्या आधीच पायथॉन १/९ चा दशांश करून टाकतो. ‘मागचं पद भागिले ९’ लिहिलं तर अपूर्णांक शाबूत राहतो. फरक दिसायला किरकोळ आहे, पण अ(न) = ⅔·अ(न−१) − ⅑·अ(न−२) घ्या. इथे ⅓ हे मूळ दोनदा येतं, म्हणून उत्तर (क + ख·न)/३^न; क, ख सुरुवातीच्या पदांवरून ठरतात. दशांशात ते मूळ फुटून अगदी जवळजवळची दोन मुळं होऊ शकतात, आणि मग ‘न’चा गुणक उत्तरातून गायब. मी सरळ ‘रॅशनल’ (सिम्पायमधला नेमका अपूर्णांक) वापरतो, कंटाळा आला तरी. मॅक्सिमात ही भानगड नाही.

उत्तरात काल्पनिक संख्या दिसल्या म्हणून घाबरू नका. गाईंच्या सूत्राचं समीकरण क्ष³ = क्ष² + १; त्याचं एक मूळ साधारण १.४६५६, उरलेली दोन काल्पनिक जोडीची. पूर्णांक ‘न’ला काल्पनिक भाग आपोआप कटतो.

बंद सूत्रात, म्हणजे ‘न’ घातला की थेट पद देणाऱ्या सूत्रात, दशांश घालून मोठं पद काढू नका. फिबोनाचीत (मागच्या दोन पदांची बेरीज म्हणजे पुढचं पद) नेहमीच्या दशांश गणितानं सत्तरीच्या पुढे शेवटचा आकडा चुकायला लागतो. पद हवं असेल तर मूळ सूत्र पूर्णांकांत चालवा.

पाचव्या घाताचं समीकरण आलं तर वर्गमुळा-घनमुळांतलं उत्तर मागत बसू नका; क्ष⁵ = क्ष + १ ला तसं उत्तरच नाही.

आणि ‘नन’ (None), म्हणजे ‘मला काही सापडलं नाही’. सिम्पायनं ‘नन’ परत दिलं की पोरं लिहून मोकळी होतात, “उत्तर अस्तित्वात नाही.” हे वाचून मला खरंच वाईट वाटतं. सहगुणकांत ‘न’ असेल तर सिम्पाय गणितज्ञ पेत्कोव्शेकच्या १९९२ च्या पद्धतीच्या वाटेनं जाते, आणि लागोपाठच्या दोन पदांचं गुणोत्तर ‘न’च्या बहुपदींचा भागाकार असेल अशीच उत्तरं शोधते. न माणसांनी एकेकटं राहायचं किंवा जोड्या करायच्या, याचे प्रकार मोजणारं प(न) = प(न−१) + (न−१)·प(न−२) बघा. तसलं उत्तर त्याला नाही. पण पदं आहेतच: १, १, २, ४, १०, २६, ७६. चार ओळींचा लूप लिहा, शंभरावं पद क्षणात येतं.