कोणत्या महानगरात किती देशांची माणसं? स्थलांतरितांच्या वैविध्याची तुलना कशी करावी

मायामी आणि सॅन होजे या दोन अमेरिकी महानगरांत दर दहा रहिवाशांमागे साधारण चार जण अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत. पण मायामीत क्यूबा, हैती, कोलंबिया, व्हेनेझुएला यांची गर्दी, तर सॅन होजेत भारत, चीन, व्हिएतनाम, मेक्सिको आणि फिलिपिन्सची. टेक्सासमधल्या एल पासोत स्थलांतरित भरपूर, पण जवळजवळ सगळे सीमेपलीकडच्या मेक्सिकोतले. तेव्हा ‘बाहेरचे किती’ आणि ‘बाहेरचे किती प्रकारचे’ हे प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एखाद्या मोकळ्या दुपारी एक्सेल उघडून काढता येतं. गणित शाळकरी आहे. खरी गोम आहे ती गट कसे पाडायचे यात.

१. आधी हद्द ठरवा

शहर मोजायचं की महानगर, हे सुरुवातीलाच पक्कं करा. न्यूयॉर्क शहर घेतलंत तर एडिसन आणि जर्सी सिटी बाहेर राहतात, म्हणजे तिथले भारतीय हिशेबातून गेले. न्यूयॉर्क महानगर क्षेत्र घेतलंत तर न्यू जर्सीचा तो भाग आत येतो. अमेरिकेत या हद्दी केंद्र सरकार आखतं आणि त्यासाठी अख्ख्या काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे प्रशासकीय भाग) जोडतं. त्यातून गमतीही होतात. बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतालच्या परिसरातल्या) मराठी माणसाला सनीवेल आणि फ्रीमाँट एकाच पंचक्रोशीतले वाटतात, पण सरकारदरबारी सनीवेल सॅन होजे महानगरात मोडतं आणि फ्रीमाँट सॅन फ्रान्सिस्कोच्या. टोरोंटोच्या हद्दीत मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन येतात, हॅमिल्टन मात्र स्वतंत्र महानगर आहे. कुठलीही हद्द चालेल, फक्त तुलनेतल्या सगळ्या ठिकाणी एकाच पातळीची हवी.

२. स्थलांतरित कोणाला म्हणायचं

अमेरिकी जनगणना विभाग ‘परदेशात जन्मलेले’ हा गट मोजतो. जन्माने जे अमेरिकी नागरिक नव्हते ते सगळे त्यात येतात: नंतर नागरिकत्व घेतलेले, ग्रीन कार्डवाले, एच-१बी व्हिसावरचे, विद्यार्थी, कागदपत्रं नसलेलेही. न्यूयॉर्कमधली मोठी पोर्तो रिकन वस्ती मात्र यात नाही, कारण पोर्तो रिकोत जन्मलेले जन्मतः अमेरिकी नागरिक असतात. न्यू जर्सीत जन्मलेली आपली पोरंही नाहीत.

कॅनडाशी तुलना करताना इथेच पाय घसरतो. २०२१च्या कॅनडाच्या जनगणनेत टोरोंटो महानगरात ४६.६ टक्के, व्हँकूव्हरमध्ये ४१.८ टक्के आणि माँट्रियलमध्ये २४.३ टक्के स्थलांतरित आहेत. पण तिथे ‘स्थलांतरित’ म्हणजे कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळालेले. विद्यार्थी आणि वर्क परमिटवाले वेगळ्या रकान्यात असतात. हे आकडे अमेरिकी आकड्यांशेजारी ठेवायचे तर तो रकाना आधी त्यांत मिळवा.

३. तक्ता उतरवून घ्या

अमेरिकेसाठी ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ हे जनगणना विभागाचं सर्वेक्षण वापरा. या विभागाच्या माहितीच्या संकेतस्थळावर बी०५००६ या क्रमांकाचा तक्ता शोधला की परदेशात जन्मलेल्या रहिवाशांची जन्मदेशानुसार विभागणी मिळते. (तक्ता कोणाचा आहे हे सांगणाऱ्या ओळीतच समुद्रात जन्मलेल्यांना वगळल्याची नोंद असते. सरकारी नेटकेपणा!) एक वर्षाचे अंदाज ६५ हजारांवर लोकसंख्या असलेल्या भागांनाच मिळतात, पाच वर्षांचे सगळीकडे. २०२०चे एक वर्षाचे नेहमीचे आकडे साथीमुळे निघालेच नाहीत, त्यामुळे ते वर्ष शोधत बसू नका.

या तक्त्यात ओळी एकात एक बसवलेल्या असतात: आशिया, त्यात पूर्व आशिया, त्यात चीन, आणि चीनखाली पुन्हा हाँगकाँग, तैवान वेगळे. वरपासून खालपर्यंत सरसकट बेरीज मारलीत तर एकच माणूस तीनचारदा मोजला जाईल. खंड आणि उपखंडांच्या ओळी उडवा, देशांच्या तेवढ्या ठेवा (चीनची एकत्रित ओळ ठेवलीत तर तिच्याखालच्या सोडा). उरलेल्या ओळींची बेरीज तक्त्याच्या पहिल्या ओळीतल्या एकूण आकड्याशी जुळली की पुढे जा.

४. गणित

प्रत्येक देशाचा आकडा एकूण स्थलांतरितांनी भागा, म्हणजे त्याचा वाटा मिळेल. वाट्याचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची बेरीज करा आणि १ला त्या बेरजेने भागा. येणारी संख्या म्हणजे ‘प्रभावी गटसंख्या’: सगळे गट सारख्या आकाराचे असते तर इतकंच वैविध्य दिसायला किती गट लागले असते, ती. एडवर्ड सिम्प्सन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९४९मध्ये मांडलेल्या मापाचं हे उलटं रूप.

समजा, ‘क’ महानगरात एक गट ६० टक्के आणि बाकीचे चार गट १० टक्क्यांचे आहेत. वर्गांची बेरीज ०.३६ + ०.०४ = ०.४०, म्हणून उत्तर २.५. ‘ख’ महानगरातही गट पाचच, पण प्रत्येकी २० टक्के. बेरीज ०.२० आणि उत्तर ५. देशांची नुसती यादी मोजली असती तर दोन्ही महानगरं सारखीच दिसली असती. खऱ्या आकड्यांत न्यूयॉर्क ‘ख’सारखं वागतं. तिथला सर्वांत मोठा गट डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेल्यांचा, आणि तोही एकूण स्थलांतरितांच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एल पासोचं उत्तर एकाच्या जरा पुढे अडकतं.

या मापात मोठ्या गटांचं वजन जास्त पडतं. दोन टक्क्यांच्या गटाचा वर्ग ०.०००४, म्हणजे हिशेबात नगण्य. लहान लहान समाजांची दखल घ्यायची असेल तर शॅननचा निर्देशांक हे वैविध्याचं दुसरं मापही काढा. दोन मापांत महानगरांचा क्रम बदलला तर तोही लिहा, लपवू नका.

५. गट मोडून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. जन्मदेशाच्या तक्त्यात जमैका एक ओळ, गयाना एक ओळ आणि अख्खा भारतही एकच ओळ! तेलुगू, गुजराती, पंजाबी, मराठी, सगळे त्या एका खणात. वरच्या ‘क’मधला ६० टक्क्यांचा गट भाषेनुसार १५-१५ टक्क्यांच्या चार गटांत मोडा: बेरीज ०.१३ होते आणि उत्तर २.५वरून ७.७वर जातं. महानगर तेच, माणसंही तीच.

उलटही घडतं. न्यूयॉर्कच्या रिचमंड हिलमधली भारतीय वंशाची कुटुंबं गयाना, त्रिनिदादच्या खात्यात जातात, केनियात जन्मलेले गुजराती आणि मॉरिशसचे मराठी आफ्रिकेच्या. मायामीतले क्यूबन, कोलंबियन, व्हेनेझुएलन देशानुसार तीन गट आहेत, घरातल्या भाषेनुसार एकच.

म्हणून हिशेब किमान तीनदा करा: देशानुसार, खंडानुसार आणि घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेनुसार. भाषेसाठी बी१६००१ हा तक्ता आहे. त्यात हिंदी, गुजराती, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र ओळी आहेत. मराठी मात्र ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा’ अशा एका ओळीत कोंबलेली. त्या ओळीचा आकडा ‘अमेरिकेतले मराठी’ म्हणून फॉरवर्ड झालेला दिसला तर विश्वास ठेवू नका. शिवाय हा तक्ता पाच वर्षांवरच्या सगळ्या रहिवाशांचा असतो, त्यात तिथेच जन्मलेलेही येतात. तेव्हा त्याचं उत्तर जन्मदेशाच्या उत्तरात मिसळू नका, शेजारी ठेवा.

६. मार्जिन ऑफ एरर

हे सर्वेक्षण आहे, शिरगणती नव्हे. प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणेची मर्यादा छापलेली असते. ३०० माणसं आणि मर्यादा २५० अशी ओळ दिसली तर त्यावर काही रचू नका. लहान महानगरांसाठी पाच वर्षांचे अंदाज घ्या, आणि मग तुलनेतल्या सगळ्यांसाठी तेच.

मुंबई-पुण्यासाठी

हाच हिशेब २०११च्या जनगणनेच्या स्थलांतर तक्त्यांवर करता येतो, देशाऐवजी राज्य धरून. बृहन्मुंबई नागरी समूहात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली येतात, पुण्याच्या समूहात पिंपरी-चिंचवड. जनगणनेत जन्मस्थान आणि आधीचं वास्तव्याचं ठिकाण असे दोन प्रश्न असतात. त्यातला एकच निवडा. बेळगावात जन्मलेला मराठी माणूस कर्नाटकच्या ओळीत जाईल. रत्नागिरीहून गिरणगावात आलेला गिरणी कामगार राज्यांच्या यादीत दिसणारच नाही. तो हवा असेल तर ‘राज्यातले इतर जिल्हे’ ही ओळही एक गट म्हणून धरा, आणि धरली की नाही ते कोष्टकाच्या खाली लिहून ठेवा.