इंदूरच्या म्युझियममधले दगडी जोडपे ओळखायचे कसे

पोहे-जिलबी हाणून जीपीओजवळच्या सेंट्रल म्युझियममध्ये गेलात ना, की हिंगलाजगढच्या मूर्ती आधी बघा. हिंगलाजगढ म्हणजे मंदसौर जिल्ह्यातला किल्ला, तिथल्या परमार राजांच्या काळातल्या मूर्ती इथे आहेत. आमची आत्या देवाच्या मांडीवर देवी दिसली की लगेच हात जोडते, "लक्ष्मीनारायणाचा जोडा!" आणि बहुतेक वेळा तो जोडा शंकर-पार्वतीचा असतो.

चूक तिची नाही, कारण पोज तीच असते, देव बसलेला, देवी डाव्या मांडीवर, तिचा हात त्याच्या खांद्यावर, त्याचा हात तिच्या कमरेभोवती. आणि डावी म्हणजे देवाची डावी हां, आपल्याला उजवीकडे दिसते, इथेच अर्धे लोक गडबडतात.

चेहरा बघायचाच नाही, तो बहुतेक फुटलेला असतो. खालून सुरुवात करा. नंदी दिसला, देवीच्या पायाशी सिंह, आणि मधे हाडांचा सापळा नाचतोय (तो भृंगी, शंकराचा भक्त), तर झालं, उमा-महेश्वर. बाजूला गणपती-कार्तिकेयही सापडतात आणि देवीच्या हातात कधी कधी आरसा असतो, मला तर तो आरसा शोधायलाच मजा येते. खाली पंख पसरलेला गरुड असेल तर मात्र आत्या बरोबर, लक्ष्मीनारायण. हंस आणि दाढी, मग ब्रह्मा.

खालचा भाग तुटलाय? मग डोकं बघा, शंकराला जटांचा मुकुट, विष्णूला उंच किरीट. हात शाबूत असतील तर त्रिशूळ-नाग का शंख-चक्र तेही बघून घ्या.

उभं जोडपं, हातात हात आणि देवी देवाच्या उजव्या बाजूला असेल तर थांबा, ते कल्याणसुंदर, म्हणजे शंकर-पार्वतीचं लग्न चाललंय, अजून ती वामांगी (डाव्या बाजूची, म्हणजे बायको) व्हायचीये! खाली ब्रह्मा होम करताना दिसतो का बघा.

एक फसवं प्रकरण पण आहे. झाडाखाली जोडपं, मांडीवर मूल, आणि वर झाडात छोटीशी ध्यानस्थ मूर्ती, ती तीर्थंकराची. हे जैन यक्ष-यक्षी (तीर्थंकरांचे सेवक देव-देवी), शंकर-पार्वती नाहीत. मी स्वतः दोन वर्षं तिथे मनातल्या मनात नमस्कार करत होते.

आणि दोनच हात, वाहन नाही, काही नाही, नुसते एकमेकांना बिलगलेत तर ते मिथुन, म्हणजे साधं प्रेमी जोडपं, देव-बिव नाहीत. कोरीव काम नीट दिसत नसेल तर समोरून नाही, बाजूला सरकून बघा, तिरक्या उजेडात भृंगीच्या बरगड्या पण मोजता येतात.