मोठं नाव की हवी ती शाखा? कॅपचे पहिले पर्याय कसे ठरवावेत

दाखले, नॉन-क्रिमीलेअर, सीईटीचं स्कोअरकार्ड याबद्दल मी काही लिहीत नाही. ते सगळं फाइलला लागलेलं असणार. अडतं ते पुढे. नावाजलेल्या कॉलेजात नको ती शाखा मिळतेय आणि कमी नावाच्या कॉलेजात हवी ती. कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, अर्जात वर कोणाला ठेवायचं?

आधी कॉलेजं बाजूला ठेवून शाखा ठरवा. पहिलं वर्ष सगळीकडे जवळपास सारखंच असतं, त्यावरून काही कळत नाही. तिसऱ्या सत्रापासूनचा अभ्यासक्रम काढा आणि तो मुलाला एकट्याला वाचू द्या. शेजारी बसू नका.

मग आकडे. नॅक आणि एनबीए या दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था; नॅकची श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते, एनबीएचं मानांकन शाखेनुसार. म्हणून एनबीए बघा. गेटवरच्या फलकावरचं सर्वांत मोठं पॅकेज एका मुलाचं असतं. त्यापेक्षा कॉलेजने एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी, दिलेली माहिती त्यांच्याच संकेतस्थळावरून उघडा. किती मुलांना नोकरी लागली आणि मध्यक पगार (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी) किती, हे त्यात मिळतं. पण ते सगळ्या शाखांचं एकत्र असतं, तेव्हा आपल्या शाखेचा आकडा प्लेसमेंट ऑफिसरला भेटून विचारा.

दोन्ही कॉलेजं कामाच्या दिवशी, दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना बघा. तिसऱ्या वर्षाच्या दोघा-तिघांच्या जर्नल मागा. एका ठिकाणी मी पाहिलेल्या तिन्ही जर्नलमध्ये दशांशापर्यंत सारखीच रीडिंग होती, आणि ज्या यंत्रावर ती घेतली म्हणत होते त्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. कॉलेजचं गावही बघा. कापडाची आवड असेल तर इचलकरंजीत टेक्स्टाइल शिकणाऱ्याच्या कानावर येता-जाता यंत्रमागांची खडखड पडते. हे मोठ्या शहराच्या नावाने मिळत नाही.

आता क्रम लावणं. इथे घाई करू नका, कारण इथेच मी चुकलो आहे.

माझ्या भाचीला इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमाप आणि नियंत्रणाच्या उपकरणांची शाखा, हवं होतं. आठवीपासून ती घरातले रेग्युलेटर आणि थर्मोस्टॅट खोलून बसायची. मी तिला सांगितलं, "पहिला पर्याय मोठ्या कॉलेजचा टाक, शाखा कुठलीही असू दे. दुसऱ्या वर्षी बदलून मिळते." पहिल्या फेरीत तो पहिला पर्यायच लागला आणि आम्ही पेढे वाटले. पहिल्या वर्षी ती चांगल्या गुणांनी पास झाली, पण शाखा बदलायला हव्या त्या शाखेत जागा रिकामी लागते, आणि तिथे एकही नव्हती. तिसऱ्या सत्रात तिचा फोन आला: "मामा, वर्गात बसते, पण मला यातलं काही विचारावंसंच वाटत नाही." त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

म्हणून "नंतर शाखा बदलता येते" हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. ज्या शाखेकडे सगळे धावतात तिथल्या जागा भरलेल्याच असतात. मिळणारी शाखाच चार वर्षं शिकायची आहे, असं धरूनच क्रम लावा.

दुसरा चुकीचा सल्ला म्हणजे कटऑफ बघून क्रम लावायचा. जागावाटप गुणवत्तेच्या क्रमाने होतं. वर अवघड पर्याय टाकला म्हणून खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, दोन्ही जुनी आणि नावाजलेली. तिथे हवी ती शाखा असेल तर गुण कमी वाटले तरी ती बेधडक वर टाका. धोका आहे तो वर ठेवलेल्या नकोशा शाखेचा. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तो ऑटो-फ्रीझ होतो, म्हणजे तीच जागा आपोआप पक्की होते. २०२५ च्या प्रवेशात दुसऱ्या फेरीत पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिले सहा पर्याय असेच बांधील होते. नाकारलं तर पुढच्या फेऱ्या बंद. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हा नियम शब्दन् शब्द वाचा.

माझ्या मते पहिल्या सहांत फक्त हवी ती शाखा असावी, कॉलेज कुठलंही असो. मोठं नाव आणि नकोशी शाखा ही जोडी त्यानंतर, आणि तीही मुलगा स्वतः हो म्हणाला तरच. नातेवाइकांना काय सांगायचं, हा विचार या यादीत आणू नका. त्यांना ते कॉलेज माहीत नसेल, पण तिथे रोज मुलगाच जाणार आहे.

बाकी सोपं आहे. सहाव्याच्या खालचा पर्याय लागला तर जागा स्वीकारून बेटरमेंट घ्या, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी थांबा. पुढच्या फेरीत वरचा मिळाला की आधीची जागा आपोआप सुटते.

अर्ज कन्फर्म करण्याआधी प्रिंट काढा आणि मुलाला पहिले सहा पर्याय मोठ्याने वाचायला सांगा. वाचताना जिथे त्याचा आवाज पडेल, तो पर्याय त्याच्याशी बोलून खाली घ्या.