घरी नगावर केलेल्या कामाचा हिशेब कसा ठेवावा

निर्यातीच्या कपड्यांचे धागे कापणे, मणी-टिकल्या लावणे, हुक बसवणे अशी कामे धारावीसारख्या वस्त्यांत बायका घरी बसून नगावर करतात. 1 जानेवारी 2005 रोजी कापड-व्यापारावरचा कोटा, म्हणजे कोणत्या देशाने किती माल पाठवायचा याची मर्यादा, संपल्यावर देशोदेशीच्या कारखान्यांमधली दराची चढाओढ वाढली आणि तिचा ताण कारखानदाराकडून ठेकेदारावर, ठेकेदाराकडून या घरांवर उतरू लागला. मजुरी किती मिळाली हे प्रत्येकीला तोंडपाठ असते, पण त्यासाठी किती तास गेले हे सहसा कुणी लिहीत नाही. म्हणून हिशेबाची सुरुवात तासांपासून करावी.

साध्या वहीत रोज तारीख, घेतलेले नग, ठरलेला दर आणि कामाचे तास लिहावेत. गठ्ठा आणायला, परत द्यायला आणि ठेकेदाराच्या दारात ताटकळायला लागलेला वेळही त्यात धरावा. शाळेतून आलेल्या मुलीने हात लावला असेल तर तिचा वेळ वेगळा लिहावा; हे लिहिताना जड जाते, पण ते वगळले तर दर खोटाच चांगला दिसतो.

समजा, दर नगाला 2 रुपये आहे, 8 तासांत 60 नग झाले आणि त्यांतले 6 नापास ठरले. हाती आले 108 रुपये. सुई-दोरा, वीज आणि रिक्षाचे 12 वजा केले की 96 उरतात, म्हणजे तासाला 12 रुपये. हा आकडा श्रम कार्यालयातून मिळणाऱ्या, आपल्या परिमंडळाच्या (किमान वेतनासाठी ठरवलेल्या विभागाच्या) किमान वेतन दराशी ताडून पाहावा. दर पाहताना विशेष भत्ता, म्हणजे मूळ दरावर मिळणारी महागाईची रक्कम, धरायला विसरू नये.

नापास नगांचे कारण ठेकेदाराकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे, आणि कपड्यावरच्या लेबलाचा व स्टाइल नंबरचा (त्या नमुन्याच्या क्रमांकाचा) फोटो काढून ठेवावा, कारण माल कोणासाठी चालला आहे याचा पुरावा बहुधा तेवढाच असतो. काम न मिळालेले दिवसही लिहावेत. 27 ऑगस्ट 2025 रोजी अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावले होते, तशा वेळी ऑर्डरी घटल्या की पगारपत्रकावर नाव नसलेल्या बाईचे काम आधी थांबते आणि त्याची नोंद कारखान्यात कुठेच राहत नाही.

घरकामगारांना, म्हणजे घरातून उत्पादन करणाऱ्यांना, इतर मजुरांसारखी वागणूक मिळावी असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1996 चा 177 क्रमांकाचा करार सांगतो. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. तोवर जोर लावायचा तो दर ठरतानाच. एकाच चाळीतल्या आठ-दहा जणींनी वह्या जुळवून पाहाव्यात, नवा नमुना आला की मध्यम वेगाच्या तिघींनी घड्याळ लावून तासभर काम करावे, त्यांच्या नगांची सरासरी काढावी आणि त्यावरून दर मागावा. ही बोलणी गठ्ठा घरात येण्याआधीच व्हायला हवीत, कारण एकदा तो उंबऱ्याच्या आत आला की ठेकेदाराला फक्त मुदतीची घाई असते.